दमसास आहे, मग झोपताना श्वास का थांबतो?

‘ताई, एवढा तुमचा दमसास, आणि झोप लागताना तुमचा श्वास थांबतो म्हणे! असं कसं?’ शिष्य विचारतात, शिष्यांच्या आया विचारतात, भजनी मंडळातल्या बायका तर दर एकादशीला विचारतात. मी मिरजेत गाणं शिकवते. इथे गल्लीत तंबोरे बनतात आणि दोन चौक ओलांडले की दवाखाने सुरू होतात, त्यामुळे गळ्याबद्दल आणि तब्येतीबद्दल बोलायला कुणालाच संकोच नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

होतं ते असं. डोळा लागतो न लागतो तोच श्वास बाहेर जातो आणि पुढचा येतच नाही. काही सेकंद तसेच जातात. मग दचकून जाग येते, मोठा श्वास आत ओढला जातो आणि छाती धडधडत राहते. पुन्हा डोळे मिटले की पुन्हा तेच. वाईट रात्री हे बराच वेळ चालतं. एकदा गाढ झोप लागली की मात्र सकाळपर्यंत काही नाही. मी घोरत नाही. दिवसा पेंगही येत नाही, दुपारच्या क्लासला जांभया देतात त्या मुली.

आता दमसासाचं. गाताना श्वास घेते ती मी. तान कुठे संपवायची, समेच्या आधी किती राखून ठेवायचा, हे सगळं मेंदूच्या वरच्या मजल्यावर ठरतं आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने पक्कं होतं. झोपेतला श्वास तिथून चालत नाही. तो मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्ये चालतो, आणि त्या केंद्राला माझा रियाज ठाऊक नाही. मी कमावलाय तो जागेपणीचा श्वास. झोपेतल्या श्वासावर माझी काडीची सत्ता नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मला फार आवडलं. श्वास घ्यायची ओढ रोजच्या व्यवहारात मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे लागते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. जागेपणी त्या ओढीला आणखी एक आधार असतो: नुसतं जागं असणं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा उतरला तरी जागा माणूस श्वास घेत राहतो. झोप लागली की तो आधार जातो. जागेपणी धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब साधारण 40 मिलिमीटर असतो. झोपेत तो थोडे मिलिमीटर वर जाऊन स्थिरावतो. झोपेच्या उंबरठ्यावर असताना तो एका ठरावीक पातळीच्या खाली असला, तर ब्रेनस्टेम गप्प बसतं. वायू साठून पातळी वर आली की श्वास पुन्हा सुरू. एवढ्यात दचकून जाग आली तर आपण मोठमोठे श्वास घेतो, वायू पुन्हा धुऊन निघतो, डोळा लागतो आणि पुन्हा थांबा. गीझरचं पाणी थंड वाटलं म्हणून नळ फार फिरवावा, मग चटका बसला म्हणून उलटा फिरवावा, तसं हे वरखाली होत राहतं.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला माझ्या काही कामाचा नाही. ‘झोपण्यापूर्वी खोल श्वास घ्या’, ‘कपालभाती करा’. मी प्राणायाम मानते, सकाळी करतेही. पण अंथरुणावर पडून भराभर किंवा ओढून ओढून श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि माझ्यासारखीला नेमका तोच नको असतो. मोठा श्वास म्हणजे चांगला श्वास, ही समजूत गाणाऱ्यांतही आहे आणि तिथेही ती अर्धीच खरी आहे.

माझी एक विद्यार्थिनी लेहला गेली होती. 3500 मीटर उंचीवर पहिल्या रात्री तिच्या नवऱ्याचा श्वास चढायचा, उतरायचा, थांबायचा. तिने घाबरून मला फोन केला, जणू मी त्यातली तज्ज्ञ! विरळ हवेत शरीर जास्त श्वास घेतं, वायू उतरतो आणि झोपेत थांबे येतात. धडधाकट माणसांनाही तिथे हे होतं. डोकं दुखतंय का, चालताना तोल जातोय का, पडल्या पडल्या धाप लागतेय का, एवढं विचारलं आणि तरीही तिथल्या डॉक्टरला दाखव म्हटलं.

मी स्वतः तपासणी करून घेतली, आणि इथे कुणी आळस करू नये. आधी टूडी एको, कारण हृदय अशक्त झालं की झोपेत श्वासाची अशीच भरती-ओहोटी होऊ शकते. मग गोळ्यांची चौकशी: ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं श्वासाच्या केंद्राला सुस्त करतात. मग रात्रभराची स्लीप स्टडी. डोक्याला तारा, नाकाशी नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. झोप कसली लागतेय असं वाटलं होतं, पण लागली. पट्ट्यांवरून खरा उलगडा होतो. हवा थांबली आणि छाती-पोट मात्र धडपडतंय, तर घशात अडथळा आहे. हवाही थांबली आणि पट्टेही सपाट, तर मेंदूकडून निरोपच आलेला नाही. माझे पट्टे सपाट होते. 10 सेकंदांच्या पुढचा थांबाच मोजतात, तसे थोडे निघाले, सगळे झोप लागतानाचे. ऑक्सिजन फारसा उतरला नव्हता, हृदय ठीक होतं. झोपेच्या उंबरठ्यावर असे थोडे थांबे निरोगी माणसालाही येतात. मला ते जाणवतात आणि मी जागी होते, एवढाच फरक, असं डॉक्टर म्हणाले. मशीन नको, गोळीही नको.

मग करते काय? कुशीवर झोपते, उताणी झोपले की त्रास वाढतो. जागरण टाळते, कारण दमलेल्या रात्री डोळा शंभरदा लागतो आणि शंभरदा उघडतो, आणि दर वेळी तो उंबरठा पुन्हा ओलांडावा लागतो. झोपेची गोळी मनाने घेत नाही. दचकून जाग आली तर तोंड मिटून नाकाने, नेहमीएवढाच श्वास घेते. हे सांगायला सोपं आहे. छाती धडधडत असताना छोटा श्वास घ्यायचा म्हणजे द्रुत लयीत एकदम विलंबित पकडण्याइतकं अवघड, पण गाणाऱ्याला ते जमायला हवं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो श्वासावर पहारा न ठेवण्याचा. थांबला का, थांबला का, असं बघत पडलं की झोप पातळच राहते. माझं लक्ष लहानपणापासून श्वासावर, ते काढून ठेवायचं कुठे? मी मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप अगदी हळू लावते आणि तारा मोजते: पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा पंचम. हा वैद्यकीय उपाय नव्हे, माझी युक्ती आहे. ज्याला तानपुरा नको त्याने पाढे म्हणावेत. यांना म्हणजे आमच्या घरच्यांना तानपुऱ्यानेच जाग येते, म्हणून आता इयरफोन.

आता जे विचारतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं दुखणं माझं नसतंच. शेजारचे काका मला अगदी खोदून विचारतात, ‘तुम्ही तारा मोजता, मीही मोजू का?’ काका भिंतीपलीकडून ऐकू येतील इतकं घोरतात, मध्येच गप्प होतात, मग गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू होतात, आणि सकाळी पेपर वाचता वाचता पेंगतात. रक्तदाबाची गोळी चालू आहेच. हा घशातला अडथळा असू शकतो. त्यावर तानपुऱ्याचा काय उपयोग? तिथे वजन, दारू, टॉन्सिल्स, जबडा बघावा लागतो, आणि लागलं तर सीपॅप: हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन, 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडलेलं. काकांना मी हे तीनदा समजावलं. त्यांनी तानपुऱ्याचं ॲप डाउनलोड केलं. शेवटी काकूंनीच त्यांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवलंय, आणि स्लीप स्टडीची तारीख परस्पर घेऊन ठेवलीय.