पाणी यायच्या आधीचा उजेड

परवा धान चुरून झालं. तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, पुंजणं रचून घरी आलो तेव्हा हात कोपरापर्यंत खाजत होते. जेवण झाल्यावर आईला मोबाईलवर एक चित्र दाखवलं.

"हे त आपलंच पुंजणं दिसते," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून, "पण एवढ्या पाणथळीत कायले रचलं? वाहून जाईन ना."

चित्र मार्टिन जॉन्सन हीड या अमेरिकन चित्रकाराचं, १८७० नंतरच्या काही वर्षांतलं. सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अमेरिकेतल्या न्यूबरी गावच्या खाडीकाठची ही दलदल. भरतीचं पाणी तिथं आत शिरतं, म्हणून ते लोक आधी जमिनीत खुंट रोवत आणि त्यावर गवत रचत. आईला हे एकदम पटलं. हीडने अशा दलदलींची शंभरावर चित्रं काढली. पुंजण्यात एवढं काय पाहायचं, असं आमच्याकडे कोणी विचारणार नाही. सकाळी त्याची सावली कुठवर जाते आणि दुपारी कुठं येते, हे मला पाठ आहे.

पण माझा जीव अडकला आहे तो त्याच्या १८५९च्या चित्रात. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. संकेतस्थळावर ते फुकट उघडतं, हवं तेवढं मोठं करून पाहता येतं. येऊ घातलेलं वादळ. आभाळ काळंठिक्कर, पाणीही काळं, आणि काठाची जमीन मात्र लख्ख उजळलेली. काठावर एक माणूस कुत्र्याला घेऊन नुसता बसलाय.

हा उजेड मी पाहिलाय. नोव्हेंबरात कापलेल्या धानाच्या कडपा शेतात पडलेल्या होत्या, भारे बांधायचे राहिले होते, आणि पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. तेव्हा कापलेलं धान असं पिवळंधमक दिसलं की बघवेना. बाबा शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसले. आम्ही हाका मारत होतो, ते उठले नाहीत. तेवढ्या वेळात काही उचलून होणार नव्हतं, हे त्यांना कळलं होतं.

हीड १९०४ मध्ये गेला आणि लोक त्याला विसरले. १९४३ मध्ये त्याचं दुसरं एक वादळाचं चित्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लागलं, तेव्हा पुन्हा नाव निघालं. तेही मी उतरवून ठेवलंय.

काल बाबांना काठावरचा तो माणूस दाखवला. ते बराच वेळ आभाळच पाहत होते.

"याचं धान घरी आलं होतं काय?" त्यांनी विचारलं.