आयाळ नाही हो, शेपूट!

तमिळनाडूत आळियारपासून वालपराईपर्यंत घाटात 40 हेअरपिन बेंड आहेत, विसाव्या बेंडनंतर मी मोजायचं सोडलं आणि डोळे मिटून बसलो. वर चहाच्या मळ्यांमध्ये गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, सिंगवाल कुरंगू! तमिळमध्ये सिंगम म्हणजे सिंह, कुरंगू म्हणजे माकड. बघतो तर रस्त्याच्या कडेला काळंभोर माकड, तोंडाभोवती करड्या केसांची झालर. मी लगेच शहाणपणा केला की ही आयाळ, म्हणूनच सिंह. तर नाही. नाव पडलंय शेपटीवरून, टोकाला सिंहासारखा गोंडा असतो, आपण मराठीत सिंहपुच्छ माकड म्हणतो.

पश्चिम घाट म्हटलं की आपल्याला सगळं आपलंच वाटतं, पण हे माकड महाराष्ट्रात नाहीच. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, बस, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याला लागतं सदाहरित जंगल, म्हणजे फांदीला फांदी लागलेली, वर्षभर काही ना काही फळलेलं. क्युलेनिया नावाचं एक झाड आहे, काटेरी फळांचं, त्याची फुलं पण खातात आणि बिया पण. फणस तर आवडीचाच. शिवाय किडे, बेडूक, जे मिळेल ते गालाच्या पिशवीत कोंबायचं. खाणं, झोपणं, पोरं वाढवणं सगळं झाडावरच, जमिनीचं काम तसं फारसं नाही.

केरळात सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं, त्याविरुद्धच्या आंदोलनात हेच माकड सगळ्यांच्या तोंडी होतं. धरण रद्द झालं आणि 1984 मध्ये तिथे नॅशनल पार्क जाहीर झालं.

वालपराईत मात्र जंगलाचे तुकडे उरलेत, मध्ये चहा. चहाच्या झुडपावरून उडी कुठे मारणार? म्हणून ती खाली उतरतात, रस्ता ओलांडतात, गाडीखाली येतात, घरांत पण घुसतात. रस्त्यावर दोन्हीकडच्या झाडांना बांधलेले झुलते पूल आहेत, माकडांसाठी, मला ते बघून भारी वाटलं आणि जरा लाजही वाटली.

तिथे एक माणूस हात वर करून गाड्या थांबवत होता. एकेक करून सगळी माकडं रस्ता ओलांडून गेली, शेवटी पोटाला पिल्लू चिकटलेली एक मादी, तिला अजिबात घाई नव्हती. तेवढ्यात मागच्या गाडीतून कोणीतरी चिप्सचं पाकीट बाहेर काढलं. त्या माणसाने त्याला तमिळमध्ये जे सुनावलं, त्यातला एकही शब्द मला येत नाही, पण सगळं कळलं.