नऊ इंटरव्ह्यू, आठ नावं: रँक लिस्टसाठी केलेली फेब्रुवारीतली भटकंती

शेवट आधीच सांगून टाकते. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णालयांत रेसिडेन्सीच्या (पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) जागा वाटणाऱ्या प्रक्रियेत, मला इंटर्नल मेडिसिन लागलं, माझ्या पसंतीच्या यादीतला (रँक लिस्टमधला) चौथा प्रोग्राम. यादीत आठ नावं होती आणि इंटरव्ह्यू नऊ झाले होते. ते एक नाव का गळलं आणि ते ठरवायला डेट्रॉइटपासून न्यूयॉर्कपर्यंत का फिरावं लागलं, ते लिहिते आहे.

इंटरव्ह्यू सगळे झूमवर झाले. पहिले सहा मिरजेच्या घरून दिले, रात्री, आईला मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवायला सांगून. जानेवारीत ऑब्झर्वरशिपसाठी (रुग्णालयातलं काम नुसतं पाहण्यासाठी) डेट्रॉइटला आले, तेव्हा उरलेले तीन जवळच्या ट्रॉयमधल्या मावशीच्या तळघरातून दिले. फेब्रुवारी उजाडला तेव्हा माझ्या डोक्यात नऊ प्रोग्राम नव्हते, एकाच लॅपटॉपच्या चौकटीत हसणारे चाळीसेक चेहरे होते. प्रत्येक ठिकाणी 'आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे' हे वाक्य ऐकलं होतं.

आणि प्रश्न एकच होता, किती रँक करायचे? सीनियर्सच्या ग्रुपवर तीन मतं पडली. एक जण म्हणाला, सगळे टाक. दुसरा म्हणाला, दहा नसतील तर काही खरं नाही. तिसऱ्याने बजावलं, वरचे पाचच टाक, नाहीतर कुठल्या तरी खेड्यात अडकशील. मावशी म्हणाली, "एवढं आहे तर जाऊन बघून ये ना." तीच गोष्ट मनावर घेतली.

निघण्याआधी नऊही कोऑर्डिनेटर्सना दोन ओळींची मेल टाकली: अमुक तारखेला शहरात आहे, भेट देता येईल का? दोघांनी 'या, पण रँकिंगवर याचा काही परिणाम होणार नाही' असं स्पष्ट लिहिलं. एकाने बाहेरच्यांना आत घेत नाही म्हणून कळवलं. बाकीच्यांनी कुठल्या तरी रेसिडेंटशी गाठ घालून दिली. मेल किमान दोन आठवडे आधी टाका आणि उत्तर नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका. शहर बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिला टप्पा डेट्रॉइट ते क्लीव्हलँड. हा बसनेच करा. अॅमट्रॅकच्या गाड्या क्लीव्हलँडला मध्यरात्रीनंतर ते पहाटेच्या दरम्यान थांबतात. रात्री दोनला अनोळखी स्टेशनबाहेर ईरी सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

बसमध्ये मी पुन्हा एकदा मॅचचं गणित स्वतःला समजावलं. आपल्याकडच्या कौन्सेलिंगची सवय इथे आडवी येते. नीट पीजीत तुमचा क्रमांक एकच असतो आणि सगळ्या कॉलेजांना तोच लागू होतो. गेल्या वर्षीचे कट-ऑफ बघून पसंतीक्रम भरता येतो, आणि पहिल्या फेरीत नाही जमलं तर दुसरी असते. इथे प्रत्येक प्रोग्राम स्वतःची यादी करतो. ब्रुकलिनच्या यादीत मी दहावी असेन, क्लीव्हलँडच्या यादीत नव्वदावी, आणि दोन्ही आकडे मला कधीच कळणार नाहीत. फेरीही एकच. उरलेल्या जागांसाठी मॅचच्याच आठवड्यात 'सोप' नावाची वेगळी प्रक्रिया असते, पण आपण आयएमजींनी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेल्या डॉक्टरांनी, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

संगणक माझ्या पहिल्या नावापासून सुरुवात करतो. तिथे जागा मिळाली तर ती तात्पुरती धरून ठेवतो. त्या प्रोग्रामला पुढे त्यांच्या यादीत माझ्या वर असलेला उमेदवार मिळाला, तर मला सोडून माझ्या दुसऱ्या नावाकडे वळतो. याचं मूळ गेल आणि शॅप्ली यांच्या १९६२ च्या गणितात आहे. ते गणित खरोखरच लग्न जुळवण्याच्या उदाहरणावर बेतलेलं होतं. मॅचची आजची पद्धत आल्व्हिन रॉथ यांनी बसवली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे स्थळं बघण्यासारखंच की. फक्त नकार कळवत नाहीत."

यातून निघणारी गोष्ट ग्रुपवर सांगूनही कुणाला पटत नाही: खाली जास्तीचं नाव टाकल्याने वरच्या नावाची शक्यता कणभरही कमी होत नाही. आणि 'सेफ' वाटणारा प्रोग्राम पहिल्या क्रमांकावर टाकून मिळत काहीच नाही, उलट त्याहून आवडता प्रोग्राम हातचा जाऊ शकतो. माझ्या एका मैत्रिणीने नेमकं हेच केलं. तिला तिचा 'सेफ'च लागला, आणि दुसरा लागला असता का हा प्रश्न ती अजून उगाळते आहे.

क्लीव्हलँडमध्ये एक दिवस पुरला. विमानतळावरून शहरात यायला रेड लाइन आहे, युक्लिड अॅव्हेन्यूवर हेल्थलाइन बस आहे, पण भेटलेली रेसिडेंट म्हणाली, पहिल्या महिन्यात गाडी घे. मी मुद्दाम संध्याकाळी सातला, शिफ्ट बदलण्याच्या वेळी, रुग्णालयापासून भाड्याच्या खोल्यांच्या भागापर्यंत चालत गेले. सतरा मिनिटांत पायाची बोटं गेली. तरी घरभाडं ऐकून क्लीव्हलँड दोन पायऱ्या वर सरकलं. पुढेही प्रत्येक शहरात हेच केलं, एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी सातला. दुपारी बारा वाजता कुठलंही शहर बरंच दिसतं.

क्लीव्हलँड ते पिट्सबर्गही बसनेच, अडीच तास. पिट्सबर्ग मला फार आवडलं. चढउतार, नद्या, पूल. पेन हिल्समधल्या व्यंकटेश्वर मंदिरातला दहीभात खाल्ला आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं. पण शहर आवडलं म्हणून प्रोग्राम पहिला टाकायचा का, हा मोह तिथे आवरावा लागला. तिथले रेसिडेंट दमलेले दिसले, आणि झूमवर दमलेपण दिसत नाही.

खरी गोष्ट घडली त्यापुढे. पिट्सबर्गहून न्यूयॉर्ककडे पेन्सिल्व्हेनियन नावाची गाडी दिवसातून एकदाच सुटते, सकाळी साडेसातला. दीडेक तासात ती जॉन्सटाउनला पोचते. हे माझ्या यादीतलं नववं गाव होतं. 'खेड्यात अडकशील' म्हणतात ते हेच, असं मी ठरवूनच बसले होते. उतरलं की पुढची गाडी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्यामुळे एक रात्र काढावीच लागते. खोली आधी बघून ठेवा, स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतील या समजुतीत राहू नका.

डोंगरांच्या घळीत वसलेलं जुनं पोलादाचं गाव. कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. दुपारी वेळ होता म्हणून चौकाकडे गेले, तर नगरपालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर पुराच्या खुणा. १८८९, १९३६, १९७७. पहिल्या पुरात वरचं धरण फुटून २,२०९ माणसं गेली होती. मी सांगली-मिरजेकडची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे दिवसरात्र आयर्विन पुलाची पातळी किती फूट झाली एवढंच विचारत होतो. त्या बर्फात, त्या दगडी खुणेखाली उभी राहिले आणि हे गाव परकं वाटेना. भावुकपणा म्हणा हवं तर. पण संध्याकाळी भेटलेल्या तेलुगू रेसिडेंटने दीड तास काढून मला काय जमेल, काय नाही ते नीट सांगितलं. किराणा कुठून आणते, कंटाळा आला की काय करते, फेलोशिपसाठी कुठे हात मारावा लागतो, सगळं. नवव्यावरून जॉन्सटाउन माझ्या यादीत पाचवं झालं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत अल्टूनाच्या अलीकडे हॉर्सशू कर्व्ह लागतो. १८५४ चं बांधकाम आहे. रूळ एवढा वळतो की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं. झोपू नका.

न्यूयॉर्कबद्दल लोक भरपूर लिहितात, म्हणून थोडक्यात. मेट्रोचं भाडं २.९० डॉलर होतं. एकच कार्ड टेकवत राहिलं की सात दिवसांत बारा फेऱ्यांनंतर पुढच्या फुकट होत्या, म्हणजे तेव्हा ३४ डॉलरच्या वर जात नव्हतं. न्यू जर्सीची पाथ गाडी यात धरत नाहीत. ब्रुकलिन आणि ब्राँक्समध्ये गाडी लागत नाही, पण क्लीव्हलँडला ज्या भाड्यात अख्खा फ्लॅट मिळतो त्यात इथे दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली खोली मिळते. स्टायपेंड जास्त आहे म्हणून हुरळून जाऊ नका, भाडं वजा करून मगच दोन शहरांची तुलना करा.

या प्रवासात एका रुग्णालयाने (शहराचंही नाव घेत नाही) भेटीची वेळ देऊन मला दोन तास लॉबीत बसवून ठेवलं. कुणी आलंच नाही. कोऑर्डिनेटर रजेवर होती, असं सुरक्षारक्षकाने चौकशी करून सांगितलं आणि कॉफीही पाजली. त्या रात्री मी तो प्रोग्राम यादीतून खोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. दोन तासांचा राग तीन वर्षांच्या निर्णयात कशाला? तो सातवा राहिला.

मग खोडला कुठला? प्रिलिम. नऊपैकी आठ जागा कॅटेगोरिकल होत्या, तीन वर्षांच्या. एक प्रिलिमिनरी होती, एका वर्षाची. वर्ष संपलं की पुन्हा जागा शोधा, पुन्हा व्हिसाची कागदपत्रं. मॅचचा निकाल बंधनकारक असतो, लागलं की जावंच लागतं. म्हणून शेवटच्या नावाला विचारायचा प्रश्न एवढाच, की कुठेच न लागणं याहून बरं आहे की वाईट? मला घरी परतून नीट पीजीची दुसरी वाट होती, म्हणून ते एक वर्ष मला नको होतं. ज्याच्या मागे तीन वर्षांची गॅप आहे, त्याने तीच जागा आनंदाने शेवटी टाकावी. सोलापूरच्या एका सीनियरने तसंच केलं, आणि त्याचं पुढे चांगलं झालं.

माझ्या परीने सांगायचं तर, 'मोजके टाक' हा सल्ला आपल्यासाठी नाही. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी ५८.५ टक्क्यांनाच जागा लागली. दहापैकी चार जण रिकामे. एकाच शाखेची लागोपाठ नावं जितकी जास्त तितकं बरं. दहा-बाराच्या पुढे फायदा थोडा-थोडाच वाढतो, पण तेवढे इंटरव्ह्यू आपल्यापैकी कितींना येतात! पैशाचं निमित्तही नाही, वीस नावांपर्यंत नोंदणीच्याच शुल्कात येतं. इंटरव्ह्यू न झालेला प्रोग्राम टाकून मात्र काही उपयोग होत नाही.

नाव लिहिण्याआधी व्हिसा तपासा. माझे आठही जे-१ देणारे होते. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड हे पत्र लागतं, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट किंवा तिची सूट हा विषय येतो. एच-१बी व्हिसा हवा तर स्टेप ३ (अमेरिकी परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) आधी पास लागते. आणि 'आम्हाला कितवं टाकणार?' असं प्रोग्रामने विचारायचं नसतं, नियमच आहे. मला एकाने विचारलं. 'तुमचा प्रोग्राम मनापासून आवडला' एवढं बोलून मी हसले.

यादी ५ मार्चला, तिकडच्या रात्री नऊला बंद झाली, म्हणजे आपल्याकडे ६ तारखेच्या सकाळी साडेसातला. नुसती भरून चालत नाही, सर्टिफाय करावी लागते. मी दोन दिवस आधी केली, पडद्याचा फोटो काढून आईला पाठवला. तिने तो वाचला आणि विचारलं, "यातलं थंडी कमी कुठे आहे?"