बाजार बंद झाला आणि सायरन वाजला

तैवानचा शेअर बाजार दुपारी दीडला बंद होतो. जुलैतला हवाई हल्ल्यापासून बचावाचा सरावही दीडलाच सुरू झाला. तैवानच्या सिंचू शहरात येऊन मला दोन वर्षं झाली, तरी मोबाईल किंचाळला तेव्हा छातीत धस्स झालं. अर्धा तास रस्त्यावर थांबायचं नाही. ऐकलं नाही तर किमान ३०,००० तैवानी डॉलर दंड होऊ शकतो. कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानातल्या काकूंनी मला हाताला धरून आत घेतलं, शटर ओढलं, सोया दुधाचा पेला पुढे केला आणि मोबाईलवर २३३० चा भाव बघत बसल्या.

२३३० हा टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या तैवानी कंपनीच्या शेअरचा क्रमांक. इथले लोक तिला देश राखणारा पवित्र डोंगर म्हणतात. पूर्ण लॉट १,००० शेअरचा, आणि २०२४ च्या जुलैत भाव पहिल्यांदा १,००० तैवानी डॉलरवर गेला. म्हणजे तेव्हा एका लॉटला दहा लाख. पण २०२० पासून बाजार चालू असतानाही सुटे शेअर घेता येतात. काकू नातवासाठी महिन्याला एक घेतात.

अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०२२ मध्ये टीएसएमसीचे चार अब्ज अमेरिकी डॉलरहून जास्त रकमेचे शेअर घेतले आणि पुढच्याच तिमाहीत बहुतेक विकून टाकले. कंपनी उत्तम, पण जागेची काळजी वाटते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं दुकानही इथेच आहे. ते कुठे विकलंय मी?"

माझ्या मनातून ते वाक्य जात नाही. १९७६ मध्ये इथल्या सरकारने अमेरिकेच्या आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं, तरुण इंजिनिअर शिकायला पाठवले. १९८७ मध्ये टीएसएमसी उभी राहिली तेव्हा जवळपास निम्मं भांडवल सरकारी होतं. आजही सुमारे सहा टक्के हिस्सा सरकारी निधीकडे आहे. सरकार बदललं, पक्ष बदलले, पण हात काढून घेतला नाही.

मी तळेगावची. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना आमच्याकडे येणार म्हणून बाबा किती आनंदात होते! सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुजरातला गेला, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनच बाहेर पडली. तो राग माझ्या मनात अजून आहे. तरी आपल्याला कुणी नावं ठेवली की मी भांडते. टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या गुजरातमधल्या धोलेरातल्या ९१,००० कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला तंत्रज्ञान देणारी पीएसएमसी ही कंपनी इथलीच, सिंचूची. आपण उशिरा निघालो, पण निघालो आहोत.

आईला वाटतं, टीएसएमसीचे शेअर घेऊन युद्धाच्या तोंडावर असलेल्या बेटात मी पैसे अडकवते आहे. टाटा इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात असती तर मी तीच आधी घेतली असती. पण पगार इथे होतो, भाडं इथे भरते, आजारपणात डबा इथल्याच काकू देतात.

दोनला मोबाईल पुन्हा वाजला. काकूंनी शटर वर केलं, दुधाचे पैसे घेतले नाहीत. मी घरी येऊन आईला फोन करायच्या आधी उद्यासाठी पाच सुट्या शेअरची ऑर्डर लावून ठेवली.