पिनबॉलचा डिस्प्ले: टेबलावर ठीक, कॅबिनेटमध्ये बिघाड

घरी बनवलेल्या पिनबॉलला १२८ × ३२ ठिपक्यांचा डिस्प्ले हवा होता. जुन्या मशीनमधल्या प्लाझ्मा पॅनेलला शंभराहून जास्त व्होल्ट लागतात, म्हणून तो विचार सोडला. ६४ × ३२ ची दोन पी२.५ (ठिपक्यांमध्ये २.५ मिमी अंतर असलेली) एलईडी पॅनेल शेजारी शेजारी लावली की ३२० × ८० मिमीचा पडदा होतो. ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तयार लायब्ररी आणि रिबन केबल एवढ्यावर एका संध्याकाळी स्कोअर दिसायला लागला.

खरा त्रास पॅनेल कॅबिनेटमध्ये बसवल्यावर सुरू झाला. फ्लिपरचं, म्हणजे चेंडू मारणाऱ्या दांडीचं, बटण दाबलं की आकड्यांची एखादी आडवी पट्टी एक ठिपका बाजूला सरकायची आणि लगेच जागेवर यायची. डोळ्याला नुसती चमक वाटते. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा कळलं, की तिसरी रांग सरकली की तिच्यासोबत एकोणिसावीही सरकते. या पॅनेलमध्ये १६ रांगांचं अंतर असलेल्या दोन रांगा एकाच क्लॉकवर, म्हणजे ठिपके एकेक घर पुढे सरकवणाऱ्या ठोक्यांवर, भरल्या जातात. दोन्ही एकदम सरकतात म्हणजे डेटा बरोबर आहे, क्लॉकच्या तारेवर एक जादा ठोका पडतोय. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

तो ठोका येतो कुठून? पॅनेलच्या तोंडाशी बहुधा ७४एचसी२४५ ही सिग्नल पुढे पोचवणारी बफर चिप असते. ५ व्होल्टवर तिला ‘हाय’ समजायला ३.५ व्होल्ट लागतात, आणि ईएसपी३२ देते ३.३. ‘३.३ वर चालतं’ असं जो तो सांगतो, त्याचा मला अजून राग आहे. टेबलावर चालतं, कारण तिथे फ्लिपर हलवणारी कॉइल नसते. ४ ओहमची कॉइल ४८ व्होल्टवर १२ अँपिअर ओढते. ०.७५ चौरस मिमीच्या एक मीटर तारेत तेवढ्या करंटला पाव व्होल्टहून जास्त पडतो. ती तार पॅनेलचं ग्राउंडही असेल, तर आधीच अपुरा असलेला सिग्नल तिथेच मार खातो.

खात्री करायची असेल तर एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) स्क्रू फिरवून पॅनेलचा पुरवठा ४.५ व्होल्टवर आणा, मल्टीमीटर लावूनच. ‘हाय’ची मर्यादा ३.१५ वर येते. सरकणं कमी झालं तर दोष हाच. हा फक्त तपास आहे, इलाज नव्हे.

इलाज म्हणजे ईएसपी३२ आणि पॅनेलच्या मध्ये दोन ७४एचसीटी२४५. ‘टी’ विसरू नका, साधी एचसी घेतली तर काहीच बदलत नाही. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात आणि ती पूर्ण ५ व्होल्ट पुढे देते. पुरवठा ५ व्होल्ट, दिशेची पिन ५ व्होल्टला, एनेबल ग्राउंडला, न वापरलेले इनपुट ग्राउंडला, प्रत्येक आयसीच्या पायाशी १०० नॅनोफॅरड. क्लॉकच्या आउटपुटला ३३ ओहम सिरीजमध्ये. रिबन २० सेंमीच्या आत ठेवा.

कॉइलचा परतीचा मार्ग वेगळा, थेट ४८ व्होल्टच्या सप्लायपर्यंत, आणि दोन्ही ग्राउंड एकाच ठिकाणी जोडलेले. प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला. हात घालण्याआधी ४८ व्होल्टचे कपॅसिटर उतरले का, ते मोजा. प्रत्येक पॅनेलच्या पॉवर टर्मिनलवर १००० मायक्रोफॅरड. हे सगळं केल्यावर दोन्ही फ्लिपर सलग दाबत ठेवले, एकही रांग हलली नाही. तेव्हा केवढं हायसं वाटलं!

आधी सांगायला हवं होतं: पॅनेल पूर्ण काळंच राहिलं तर मागच्या चिपांवरचा नंबर वाचा. एफएम६१२६ए असेल तर तिला सुरुवातीला रजिस्टर भरून जागं करावं लागतं, लायब्ररीत तो पर्याय निवडायचा. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ पिना फक्त इनपुट आहेत, तिथे पॅनेलच्या तारा जोडू नका.

जुन्या मशीनसारखा नारिंगी रंग हवा तर लाल पूर्ण, हिरवा साधारण एक तृतीयांश, निळ्याच्या दोन्ही तारा ग्राउंडला. १६ छटांना ४ बिट पुरतात, म्हणजे एका चित्राला २०४८ बाइट.