पंचम कुठून चढला?

पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात राग यमन रेकॉर्ड करत होतो. घर गाणाऱ्या बुवांचं, लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) माझा. पट्टी पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हा सा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा वायरने थेट इंटरफेसमध्ये घेतला होता, गाण्याच्या माइकमध्ये तो शिरू नये म्हणून; बुवा तो हेडफोनवर ऐकत होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, संपत आलं आणि बुवा थांबले. "तानपुऱ्याचा पंचम चढा लागतोय रे." म्हणजे 'प' हवा त्याहून किंचित वर.

तानपुऱ्याच्या स्पीकरजवळ ट्यूनर धरला, पंचम चोख. रेकॉर्डिंगमधले स्वर आलेखात दाखवणाऱ्या ॲनालायझरमध्येही ९८ हर्ट्झच्या, म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाच्या आसपास एकच उंचवटा. तबलजी म्हणाला, ड्रायव्हर अपडेट करा. कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना एवढंच सुचतं.

ॲनालायझरची एक खोड असते. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) ४०९६ सॅम्पलची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, घेतली की तो सुमारे १२ हर्ट्झच्या पायऱ्यांनी मोजतो. जवळजवळचे दोन स्वर त्याला एकच दिसतात. खिडकी ६५,५३६ केली, तशी दोन शिखरं सुटी झाली. एक ९८ला, दुसरं १००ला. आपली वीज ५० हर्ट्झची, १०० म्हणजे तिची दुप्पट. विजेची घरघर मंद्र पंचमाला खेटून बसली होती आणि दोन्हींमुळे सेकंदाला दोन हेलकावे पडत होते. कुणालाही ते तानपुऱ्याचं डोलणंच वाटलं असतं. मारवा गायचा असता तर पंचमाची तारच नसती, आणि कदाचित काही कळलंही नसतं.

मिक्सिंग करणारा मित्र फोनवर म्हणाला, "१०० कापून टाक." कापलं असतं तर दोन हर्ट्झ खालचा तारेचा मूळ स्वरही सोलून निघाला असता!

चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, घरघर गायब. सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे अर्थिंगची तारच नव्हती. चार्जरमधून गळणारा करंट लॅपटॉपच्या पत्र्यावरून इंटरफेसमध्ये आणि तिथून तानपुऱ्याच्या अनबॅलन्स्ड, म्हणजे अशी घरघर न रोखणाऱ्या केबलमध्ये जात होता. वायरमन लोकांना तिसरी पिन शोभेची वाटते.

लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तानपुरा पुन्हा रेकॉर्ड केला. माइकची केबल बॅलन्स्ड, घरघर खोडणारी, त्यामुळे गाणं स्वच्छच होतं. पण या नव्या तानपुऱ्यावर आलाप लावला तर बुवा जिथे जिथे पंचमावर थांबलेत तिथे तो किंचित वर आहे. मी म्हटलं, "बुवा, तेवढ्या जागा सॉफ्टवेअरमध्ये खाली ओढतो."

"ओढाताण नको. पुन्हा गातो."

मी अजून तारीख दिलेली नाही. तो आलाप फार चांगला झालाय.