पाणी किती झालं?

जुलै संपत आला आणि पाऊस हटेना, की सांगलीत 'काय, बरं हाय का?' हा प्रश्न मागे पडतो. पेठेत, भाजी मंडईत, दवाखान्याच्या बाकड्यावर एकच विचारणा, "पाणी किती झालं?" उत्तरही एका आकड्यात. "साडेबत्तीस." कुठलं पाणी, कुठं मोजलं, हे विचारणारा बाहेरगावचा. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णामाई जेवढी, तेवढी ती आमच्यासाठी. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं.

संभाव्यतेच्या पुस्तकात 'यादृच्छिक चल' शिकवताना नाणं उडवतात नाहीतर फासे टाकतात. आमच्याकडच्या पोरांना त्याची काही गरज नाही असं माझं मत आहे. महाबळेश्वरात किती कोसळला, कोयनेचे सहा दरवाजे किती फूट उचलले, कराडला संगमावर काय येऊन मिळालं, खाली हरिपूरला वारणेनं किती अडवून धरलं, या सगळ्या गदारोळाला शेवटी एक संख्या चिकटवायची. उद्या दुपारी ती किती असेल, ते आज ठाऊक नाही. झालं, यादृच्छिक चल म्हणजे एवढंच.

मात्र ठाऊक नाही म्हणजे काहीही होईल असं नव्हे. उद्या छत्तीस होणं आणि सहासष्ट होणं, दोन्ही 'सांगता येत नाही' याच सदरात टाकणारा माणूस नदीकाठी राहिलेला नसतो. कुठल्या आकड्याच्या आसपास किती शक्यता पसरली आहे, त्या पसाऱ्याला वितरण म्हणतात. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की हा पसारा वर सरकतो आणि आवळतोही. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली बिऱ्हाडं ती बातमी ऐकून गाठोडी बांधायला घेतात, ती याच हिशेबानं.

यात एक गंमत आहे. पाण्याची पातळी सलग बदलणारी, त्यामुळे उद्या दुपारी बाराला ती नेमकी, केसभरही इकडेतिकडे नाही अशी, चाळीस फूट असण्याची शक्यता गणितानं शून्य. विचारायचंच तर 'चाळीस ते एक्केचाळीसमध्ये किती' किंवा 'चाळीसच्या वर किती' असं विचारावं लागतं. मारुती चौकातला दुकानदार नेमकं हेच विचारतो. सरासरी पातळीशी त्याला देणंघेणं नाही. सरासरीनं कुणाचा माल भिजत नाही.

माल भिजतो तो टोकाला. वर्षातली सर्वांत मोठी पातळी घेऊन बरीच वर्षं मांडली, तर घंटेच्या आकाराचा तो सुबक, दोन्हीकडे सारखा उतरणारा आलेख सहसा मिळत नाही. बहुतेक वर्षं डावीकडे गर्दी करतात आणि उजवीकडे लांब शेपूट निघतं. अशा टोकांचं गणित ज्यानं मनावर घेतलं, तो एमिल गुम्बेल हा जर्मन माणूस आधी आपल्या देशातल्या राजकीय खुनांची मोजदाद करत होता. त्या बाण्यापायी १९३२ साली हायडलबर्ग विद्यापीठातली नोकरी गेली, पुढे फ्रान्स, मग अमेरिका. तिथं १९४१ साली त्यानं पूर किती काळानं परततो यावर लेख लिहिला. खुनांवरून पुरांवर येणारा संख्याशास्त्रज्ञ मला फार आवडतो.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग अशाच हिशेबातला, आणि त्यानं घोटाळा केला. २००५ साली पाणी पन्नासच्या पुढे गेलं, हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, बुडाली, तेव्हा पुष्कळांनी आता आपल्या हयातीत पुन्हा नाही असं धरलं. २०१९ साली सत्तावन्न ओलांडलं. २०२१ साली पुन्हा पन्नाशी पार. नदी काही वहीत तारीख टिपून ठेवत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, गेल्या वर्षी आला असला तरी. शिवाय पाऊसच बदलत असेल, तर तो एक टक्काही एक टक्का राहत नाही.

एका ओळखीच्यांनी नदीपासून जवळ तळमजल्यावर फ्लॅट बघितला, कर्ज तीस वर्षांचं. मी एक टक्क्याचा हिशेब मांडून दाखवला : तीस वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"म्हणजे येणार का नाही?"

"ते नाही सांगता येत."

"मग दुसरा मजला किती जास्त सांगतोय बघतो," म्हणाले, आणि बिल्डरला फोन लावला.